देवदाराची मेख

कामेझोच्या कामाला मी कधी नावं ठेवली नाहीत. त्या माणसाला मात्र सकाळी उठल्यावर एकदा आणि अंथरुणाला पाठ टेकताना एकदा, अशा दोन वेळा शिव्या घालत होते.

तो म्यानं करायचा. म्यानं आणि तलवारीच्या मुठीच्या आतलं लाकूड. त्या लाकडावर पाकट माशाचं खरबरीत कातडं चढवून वरून रेशमी गोफ गुंफायचं काम माझं. मिझुहारात किल्ल्याच्या पायथ्याला तलवारीच्या कामाची अकरा घरं होती. कुणी पात्याला धार लावी, कुणी पात्याच्या बुडाचं तांब्याचं कडं घडवी, कुणी पातं आणि मूठ यांच्यामधली, हात वाचवणारी लोखंडी परज. पण मुठीचं लाकूड कोरणारं घर एकच, त्याचं. आणि मूठ गुंफणारं घर एकच, आमचं. त्यामुळे एकमेकांचं तोंड बघायचं नाही असं ठरवूनही त्याने कोरलेलं लाकूड फिरून माझ्याच मांडीवर यायचं. मध्ये दुकानदार मान्झो होता. तो त्याचं लाकूड माझ्याकडे आणी, माझी गुंफलेली मूठ तिकडे नेई, आणि दोन्हीकडचे टोमणे वाटेतच गिळून टाकी.

माझी थोरली बहीण सातो सात वर्षं कामेझोची बायको होती. त्याच्या म्यानांना घासून घासून आरशासारखी करणारे हात तिचे. लाकडाचे दोन भाग चिकटवायला भाताची खळ लागते, ती कुटणारे हातही तिचेच. सात वर्षांत मूल झालं नाही. मग एका थंडीत बर्फातून ती घरी आली, हातात एक गाठोडं आणि साडेतीन ओळींची सोडचिठ्ठी. 'आमचं जुळत नाही. हिने दुसरीकडे घर केलं तरी माझी हरकत नाही.' बस. चाळीस दिवसांत त्याने दुसरी आणली, आणि तिला लागोपाठ दोन मुलगे झाले. गल्लीतली दुसरी बातमी आम्हाला उशिरा कळायची, पण त्या दोन बारशांची आमच्या दारात येऊन ऐकवली गेली.

आमचे वडील चार वर्षांपूर्वी गेले. परवाना अजून त्यांच्याच नावावर होता. मूठ गुंफणारी बाई आहे हे किल्ल्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं, पण काम चोख होतं म्हणून कुणी विचारत नव्हतं. मी लग्न केलं नाही. ताई माझ्या हाताखाली कातडं भिजवी, गोफाखाली भरायच्या कागदाच्या घड्या करी, आणि मेखा तासून ठेवी.

मेख म्हणजे करंगळीच्या दोन पेरांएवढी काडी. पात्याचं शेपूट मुठीत शिरतं, मुठीच्या लाकडातून आणि त्या शेपटातून आरपार एक भोक असतं, त्यात ही मेख बसते. ती सोडली तर पात्याला मुठीत धरून ठेवणारं दुसरं काहीच नाही. ती बांबूची लागते, आणि बांबूही असातसा नाही. शेतकऱ्याच्या घरात चुलीवरच्या आढ्याला साठ-सत्तर वर्षं धूर खाऊन काळा झालेला. तो वाकतो, तंतू तंतू सुटतो, पण एकदम मोडत नाही. आमच्याकडे अशा बांबूची अख्खी मोळी होती.

त्या वसंतात शिराई नावाच्या सामुराईचं काम आलं. आजोबांचं पातं होतं, त्याला नवा साज चढवायचा होता. मान्झो मुठीचं लाकूड घेऊन आला.

मी ते उजेडाकडे धरलं. दोन भाग कुठे जोडलेत ते दिसेना. बोट फिरवलं, लागेना.

"देवाने या माणसाला हात दिले आणि बाकीचं द्यायला विसरला," मी म्हटलं.

ताईने ते माझ्या हातातून घेऊन नाकाला लावलं. "अजून खळीत भात जास्त शिजवतो," ती म्हणाली. "नव्या बाईला कुणी शिकवलं नाही वाटतं."

"सातोबाई, तुम्ही नाव तरी काढू नका हो त्याचं," मान्झो म्हणाला.

"मी कुठे काढलं? भाताचं काढलं."

पाच दिवस मी त्या मुठीच्या कामाला बसले होते. निळा गोफ, खाली कातड्याचे पांढरे दाणे, दोन बाजूंना गोफात अडकवलेले, सोन्याचा मुलामा दिलेले धातूचे दोन चिमुकले बगळे. प्रत्येक वेढ्याला कागदाची घडी, प्रत्येक घडी सारखी. सहाव्या दिवशी मान्झो पातं घेऊन आला. शेवटची जुळणी खरं तर म्यानवाल्याने करायची. पण कामेझो आमच्या उंबऱ्याला पाय लावणार नव्हता आणि आम्ही लावू देणार नव्हतो, म्हणून जुळणी आमच्याकडे. कडं, चकती, परज, पुन्हा चकती, मग मूठ. मी सगळं चढवलं आणि मान्झोशी म्यानाच्या दोरीबद्दल बोलत होते. मेख ताईने ठोकली. टक, टक, टक. मी वळून बघितलं तर भोकात काळं टोक व्यवस्थित बसलेलं.

नऊ दिवसांनी शिराईने मित्र बोलावले. अंगणात भिजवलेल्या गवताच्या गुंडाळ्या खांबावर रोवल्या होत्या, तलवार चालवून दाखवायला. तीन वार झाले. तिन्ही वेळा गुंडाळी स्वच्छ कापली गेली. चौथ्या वाराला शिराईच्या हातात निळी मूठ राहिली आणि पातं सुटलं. बाजूला मोसुके उभा होता, त्यांचा म्हातारा गडी, कापलेल्या गुंडाळ्या बदलायला ठेवलेला. पातं त्याच्या उजव्या खांद्यात घुसलं.

मोसुके जगला. पण तो हात पुन्हा कमरेच्या वर गेला नाही.

दुसऱ्याच दिवशी मला आणि कामेझोला शस्त्रागाराच्या कचेरीत बोलावणं आलं. अंगणात चटई टाकलेली. शेजारीशेजारी बसवलं. सहा वर्षांत मी त्याला इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. कानावरचे केस पांढरे झाले होते. मला बरं वाटलं.

तो ओठ न हलवता पुटपुटला, "बापाच्या जागी बसायची हौस. भोग आता."

"तुम्ही कुणाकुणाच्या जागी कुणाकुणाला बसवलंत ते आम्ही भोगतोच आहोत," मी म्हटलं.

"पूर्वी दाजी म्हणायचीस."

"पूर्वी तुम्ही होतात."

अधिकारी तोमोनो बाहेर आले. पन्नाशीचे, शांत, पोटाचा त्रास असलेल्या माणसाचा चेहरा. ओट्यावर पांढऱ्या कापडावर तलवारीचे सगळे भाग ओळीने मांडले होते. पातं पुसलेलं, तांब्याचं कडं, दोन चकत्या, परज आणि माझी मूठ. गोफावर रक्त वाळून काळं पडलं होतं.

"बोला," तोमोनो म्हणाले.

कामेझो आधी बोलला. "सरकार, माझ्या आजोबांपासून आम्ही लाकूड कोरतो. असं कधी झालं नाही. गुंफण सैल असणार. शेवटी बाईमाणसाची ताकद ती किती. हिचे वडील होते तोवर ठीक होतं."

"गुंफण सैल असती तर शिराईसरकारांच्या तळव्यात मूठ फिरली असती," मी म्हटलं. "पातं निसटलं नसतं. इतकं तर चटया विणणाऱ्यालाही कळतं."

"म्हणजे माझं लाकूड?"

"मी लाकडाचं नाव घेतलं का? तुम्हालाच का आठवलं?"

"गप बसा दोघंही," तोमोनो म्हणाले. "ही मूठ उघडून बघायची आहे. कोण उघडेल?"

"मी," मी म्हटलं. "माझ्या कामाला त्याचा हात लागायला नको."

मला सुरी दिली. स्वतः घट्ट केलेली गाठ स्वतः कापायची, ते कसं वाटतं ते सांगून कळणार नाही. गोफ सुटत गेला. वेढ्याखालच्या घड्या चटईवर पडत होत्या, एकही हललेली नव्हती. बगळे निघाले. मग मी भोकात अडकलेला मेखेचा तुकडा पातळ सळईने ढकलला. तो माझ्या तळहातावर पडला.

मोडलेल्या टोकाशी तो आतून फिका होता. तांबूस, नरम, आणि आडवा सरळ मोडलेला, वाळलेल्या फांदीसारखा. बाहेरून काजळी चोपडून, कच्च्या फळांच्या तुरट रसात बुडवून काळा केलेला. तो देवदार होता. निमुळता होत गेलेला आकारही माझ्या ओळखीचा होता, रोज दोन वेळा आम्ही जेवत होतो त्या काड्यांचा.

 टक, टक, टक, एवढंच कानात वाजत राहिलं. घरात बांबूची मोळी असताना.

मी हाताची मूठ वळली आणि पुढचं काम सुरू केलं. कातडं सोडवलं, लाकडाच्या जोडात सुरी घातली. खळ सुटून दोन भाग वेगळे झाले. आत पात्याच्या शेपटाची खाच अशी कोरली होती की जणू लाकूड त्या शेपटाभोवती वाढलं असावं.

तोमोनो वाकून बघत होते. त्यांनी नखाने एक जागा दाखवली. "इथे रेघ दिसते. चिरलं होतं का हे?"

कामेझोचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. ती रेघ लाकडाची शीर होती. लाकूडवाल्याला कळेल, गुंफणाऱ्याला कळेल, पोट दुखणाऱ्या अधिकाऱ्याला नाही कळणार. शिराईच्या घराला लवकर कुणाचं तरी नाव हवं होतं आणि ते नाव देण्याचं काम तोमोनोंनी माझ्यापुढे ठेवलं होतं. 'हो' म्हणायचं. बर्फातून आलेल्या ताईचा, तिच्या सात वर्षांचा हिशेब एका अक्षरात फिटला असता. आणि मेख माझ्या मिटलेल्या हातात होती, ती कुणाला दिसलीही नव्हती.

पण तो लाकडाचा तुकडा माझ्या पुढ्यात होता. त्याला चिरलेला म्हणायला माझी जीभ वळेना. मी कामेझोची कीव केली असं कुणी समजू नये. तो फासावर गेला असता तर मी पोटभर जेवले असते. पण ते काम खोटं होतं असं मला म्हणता येईना.

"नाही सरकार," मी म्हटलं. "ती शीर आहे. लाकूड निर्दोष आहे. मेख वाईट होती. आणि मेख आमच्या घरची."

मी मिटलेला हात उघडला.

"बघू," कामेझो म्हणाला आणि कुणी हो म्हणायच्या आत त्याने तुकडा उचलला. नाकाशी नेला. लाकूडवाल्याचं नाक ते.  नव्या लाकडाला काजळी आणि तुरट रस लावून जुनं दाखवायची युक्ती त्याच्याच कारखान्यातली होती, आणि ती सात वर्षं कुणाच्या हातून व्हायची हे त्याला ठाऊक होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तुकडा कापडावर ठेवला.

"देवदार," तो म्हणाला. "बांबू नाही." आणि पुढे काही नाही.

"देवदार का वापरलास?" तोमोनोंनी मला विचारलं.

"बांबू संपला होता."

"कुणी बसवली?"

"मी."

शिक्षा तिथेच सांगितली. तीस दिवस दाराला खिळे. अवजारं जप्त. मिझुहारात यापुढे माझ्या किंवा वडिलांच्या नावाने तलवारीचं कोणतंही काम नाही. कामेझो वाकला, उठला, आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. जाताना चटईवरचा त्याचा लाकडाचा अर्धा भाग उचलून त्याने त्यावरची धूळ फुंकली.

घरी शिपाई येऊन अवजारं बांधून घेऊन गेले. मग बाहेरून दारावर आडव्या फळ्या लावून खिळे ठोकू लागले. आम्ही दोघी आत. शेवटचा खिळा बसला.

"त्याचं काय झालं?" ताईने विचारलं.

"काही नाही. घरी गेला."

"म्हणजे?"

"लाकूड निर्दोष निघालं. मी सांगितलं तसं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तू सांगितलंस? तू त्याला सोडवलंस?"

"मी कुणालाच सोडवलं नाही. मोळीत तीसेक बांबू आहेत ताई. तुला जेवायच्या काडीशिवाय दुसरं काही मिळालं नाही?"

तिने नाकारलं नाही. एवढं तिचं मानायला हवं. "मला वाटलं, सैल होईल. खडखडेल. दोष लाकडाला लागेल. शिराई जाऊन त्याच्या तोंडावर फेकून मारतील. चार माणसांत. एवढंच हवं होतं मला."

"आणि मोसुके?"

"मोसुके कोण ते मला ठाऊकसुद्धा नव्हतं."

"आता आहे ना?"

"तू मला त्याचं नाव सांगून मारू नकोस. सहा वर्षं मी तुझ्या घरात मान खाली घालून माशांची कातडी भिजवते. एक दिवस, नुइ, एकच दिवस देवाने आणून दिला होता. तुला फक्त गप्प बसायचं होतं. तेही जमलं नाही तुला. म्हणे लाकूड निर्दोष!"

"लाकूड निर्दोषच होतं."

"मग त्या लाकडाशीच लग्न कर!"

मी तिच्या अंगावर पाण्याचं भांडं फेकलं. लागलं नाही. लागावं अशीच माझी इच्छा होती.

तीस दिवस आम्ही त्या घरात एकमेकींचा आवाज ऐकत काढले. शेजारीण मागच्या झरोक्यातून तांदूळ आणि खारवलेला मुळा आत सरकवायची. ताई एका कोपऱ्यात जेवायची, मी दुसऱ्या. ती खोकली तरी मला राग यायचा. माझ्या बोटांना काम नव्हतं, ती आपोआप हवेत वेढे घालायची, ते बघून तिला राग यायचा.

बाविसाव्या की तेविसाव्या दिवशी ती अचानक म्हणाली, "त्याने हातात घेतली होती का? मेख?"

"घेतली."

"वास घेतला?"

"घेतला."

"म्हणजे ओळखलं त्याने." ती उठून बसली. "आणि बोलला नाही?"

"देवदार म्हणाला. बाकी नाही."

त्या दिवसापासून ती बदलली. केस विंचरू लागली. कातडं घासताना म्हणायची ती कसलीशी जुनी ओळ गुणगुणू लागली. माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले. तिला वाटत होतं, कामेझो तिच्यासाठी गप्प राहिला.

"त्याने स्वतःची कातडी वाचवली ताई."

"तुला नवरा नव्हता. तुला काय कळतं."

खिळे निघाले त्या दिवशी मी आधी मोसुकेच्या झोपडीत गेले. सोबत सुके मासे नेले होते. तो दारात बसला होता, उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.

"मेख माझ्या घरची होती," मी म्हटलं. "माफी मागायला आले."

"कशाला?" तो म्हणाला. "माफीने पट्टा बांधता येतो का कमरेचा? मला रोज सकाळी शेजाऱ्याला हाक मारावी लागते, बाई. मासे घेऊन जा. तुझ्या घरचं मला काही नको."

मी मासे परत आणले. रात्री ताईने ते भाजले. मी खाल्ले नाहीत.

मग मी चाबकांच्या मुठी गुंफायला लागले, नांगराच्या दोऱ्या वळायला लागले. शरद ऋतू आला. एका दुपारी ताई ओढ्यावर धुणं घेऊन गेली होती आणि आमच्या अंगणात कामेझो येऊन उभा राहिला. हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी. काय ते मला आकारावरूनच कळलं.

"मूठ गुंफायला तीन दिवसांच्या वाटेवर पाठवावी लागते," तो म्हणाला. "महिन्याने येते. आणि काय येते! घड्या इकडे-तिकडे, गोफ पोटाशी ढिला. गिऱ्हाइकं जायला लागलीत."

"अरेरे."

"तू कर. गुपचूप. मान्झोही बोलणार नाही. नाव त्या लांबच्या माणसाचं लावू."

"तुमच्यासाठी?"

"कामासाठी. तू भर कचेरीत माझ्या लाकडाला निर्दोष म्हणालीस. म्हणून म्हटलं..."

"तुमच्या लाकडात दोष नव्हता एवढंच म्हणाले मी. तुमच्यात नव्हता असं नाही म्हणाले. उचला ते आणि चालते व्हा."

तो लाल झाला. गुंडाळी काखेत मारून वळला. मीच त्याला थांबवलं. मला राहवेना.

"मेख तुम्ही ओळखली होती. का नाही बोललात?"

तो हसला. मनापासून हसला, तेच वाईट. "बोलायला मला वेड लागलंय? 'हिच्या बहिणीचं काम' असं म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न, ती कोण? कामेझोची टाकलेली बायको. मग सगळ्या गावात माझ्या घरातली जुनी घाण पुन्हा उकरली असती. माझे मुलगे मोठे होतायत. त्या बाईचं नाव माझ्या नावाशेजारी पुन्हा कुणी घ्यायला नको. गप्प राहून सुटत होतो, सुटलो."

तो गेला. शेजारणीने ताईला वाटेतच सांगितलं असावं. धुणं तसंच पिळून खांद्यावर घेऊन ती धावत आली. चेहरा असा उजळलेला मी लहानपणानंतर पाहिला नव्हता.

"आला होता ना? काय म्हणाला? माझं काही विचारलं?"

मी खोटं बोलू शकले असते. तिच्यासाठी कचेरीत बोललेच होते. 'तुझी खुशाली विचारली' एवढं म्हटलं असतं तर ती म्हातारी होईपर्यंत त्यावर जगली असती. पण त्या तीस दिवसांतलं माझ्या पोटात सगळं तसंच होतं. मोसुकेचे परत आणलेले मासे होते. तिचं गुणगुणणं होतं.

मी सांगितलं. 'टाकलेली बायको' सांगितलं, 'घाण' सांगितलं, तो कसा हसला तेही सांगितलं. एक शब्द कमी केला नाही. दुखावं म्हणूनच सांगितलं.

ताईने ओले कपडे दोरीवर एकेक झटकून वाळत घातले. सकाळी मी उठले तेव्हा तिचं अंथरूण घडी करून ठेवलेलं होतं आणि ती घरात नव्हती.

ती कचेरीच्या फाटकाशी गेली होती. कचेरी उघडायच्या वेळी, जेव्हा गावातले निम्मे लोक अर्ज घेऊन उभे असतात. तिथे मातीत गुडघे टेकून ती ओरडली. जे होते त्यांनी मला नंतर अक्षर न् अक्षर सांगितलं. "मी सातो. म्यानवाल्या कामेझोची टाकलेली बायको. शिराईसरकारांच्या तलवारीची मेख मी ठोकली. देवदाराची. मुद्दाम. कामेझोने ती हातात घेतली, वास घेतला, माझं काम ओळखलं आणि सरकारपुढे गप्प राहिला. त्याला विचारा. त्याच्या मुलांसमोर विचारा."

तोमोनोंना इलाज नव्हता. इतक्या माणसांनी ऐकलं होतं. कामेझोला पुन्हा चटईवर बसवलं. तो आधी नाही म्हणाला, मग आठवत नाही म्हणाला, मग गप्प राहिला. सरकारपासून गुन्हा लपवला म्हणून त्याच्या दाराला पन्नास दिवस खिळे, आणि किल्ल्याचं काम कायमचं बंद. मला खोटी जबानी दिली म्हणून पुन्हा तीस दिवस. अवजारं काही परत मिळाली नाहीत. ताईला हद्दपारी. जन्मात पुन्हा मिझुहाराच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही.

तिला नेलं त्या दिवशी माझं दार बंद होतं. निरोप द्यायला बाहेर जाता येत नव्हतं. सकाळी उशिरा रस्त्यावर पावलं वाजली आणि फळ्यांपलीकडे थांबली. शिपायाने तिला थांबू दिलं असावं.

"नुइ. आहेस का?"

"कुठे जाणार मी," मी म्हटलं.

"त्याच्या दाराला बारा खिळे ठोकले. मी मोजले. त्याची बायको आतून रडत होती, आणि तो तिला ओरडत होता." तिच्या आवाजात सहा वर्षांत प्रथमच जोर होता. "तुझ्या दाराला आठच आहेत."

मला हसू आलं. लाज वाटावी असं हसू. मग ते थांबलं. तिला विचारायचं होतं, कुठे जाशील, अंगावर काय घातलंयस, डोंगरावर बर्फ पडायला लागलंय. पण ओठावर आलं ते दुसरंच.

"मोसुकेकडे गेली होतीस का?"

फळ्यांपलीकडे तिची पावलं जराशी हलली.

"नाही," ती म्हणाली. शिपाई काहीतरी बोलला. पावलं सुरू झाली, आणि पुलाच्या बाजूला गेली.

त्यानंतर तिची काही खबर आली नाही. कुणी म्हणालं बंदरावर रंगाऱ्याकडे आहे, कुणी म्हणालं पहिल्याच हिवाळ्यात गेली. कामेझो दुसऱ्या गावी जाऊन पेट्या करू लागला; चांगल्या करायचा म्हणे. माझ्या दाराचे खिळे निघाले तेव्हा मी चाबकाच्या मुठी घेऊन बाजारात बसले. मोसुके तिथून जायचा. डाव्या हाताने पट्टा कसा तरी बांधलेला असायचा, सैल, एका बाजूला लोंबत. तो माझ्याकडे बघायचा नाही. मीही त्याला हाक मारली नाही.